बियाण्याचा श्वास
पेशींमध्ये अन्नापासून ऊर्जा कशी निर्माण होते, आणि बी राखताना या माहितीचा उपयोग कसा करावा

घराच्या कोपऱ्यात थप्पी लावून ठेवलेले सोयाबीनचे बी वरवर पाहता खड्यासारखे निर्जीव भासते. ते हलत नाही, वाढत नाही, बाहेरून काही अन्नही घेत नाही. तथापि ते जिवंत असते. ऑक्टोबरात काढलेल्या या बियाला जूनमध्ये, म्हणजे सुमारे आठ महिन्यांनी, मातीत पडताच फार मोठे काम करावयाचे असते. मूळ खाली धाडावयाचे, वरची माती फोडावयाची, दोन्ही दले उजेडात आणावयाची, आणि हे सर्व पहिले हिरवे पान येण्यापूर्वी. या कामासाठी लागणारी शक्ती त्याला बाहेरून मिळत नाही. आपल्या दलांत साठविलेल्या अन्नापासून ती त्याला स्वतःच निर्माण करावी लागते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक झाले आहे, आणि लातूरची बाजारपेठ तर सोयाबीनसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. म्हणून या बियाची शक्ती हा येथील शेतकऱ्याच्या वर्षभराच्या संसाराचा प्रश्न आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ऐन काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने मराठवाड्यात सोयाबीनचे पीक भिजले. पुढे २०२० च्या जूनमध्ये पेरलेले बी उगवले नाही अशा तक्रारी मोठ्या संख्येने आल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्या वर्षी अनेकांवर दुबार पेरणीचा खर्च पडला. बी न उगवण्यास अनेक कारणे असतात. परंतु काढणीच्या वेळी भिजलेले बी हे त्यांतील एक मोठे कारण होते.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. न उगवणारे बी गिरणीत नेले तर त्यातून तेल निघते व पेंडही निघते. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते, आणि त्याच्या शेजारच्या उगवणाऱ्या बियातही जवळजवळ तितकेच असते. म्हणजे अन्न संपले म्हणून ते बी मेले असे म्हणता येत नाही. कोठार भरलेले असताना धनी उपाशी मरावा, तसा हा प्रकार आहे. अन्नापासून शक्ती काढणारी जी यंत्रणा बियाच्या पेशीत असते, ती बिघडलेली असते. ही यंत्रणा कशी चालते ते प्रथम पाहू.

चुलीतील अग्नी व पेशीतील अग्नी

श्वसन आणि ज्वलन या दोन क्रिया मुळात एकाच जातीच्या आहेत, हे फ्रान्समधील लाव्हाझिए व लाप्लास या शास्त्रज्ञांनी १७८२–८३ च्या हिवाळ्यात दाखवून दिले. त्यांनी गिनीपिग नावाचा लहान प्राणी बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो हे मोजले. तो प्राणी जितका दूषित वायू बाहेर टाकतो, तितकाच वायू कोळसा जाळून निघाला तर किती बर्फ वितळेल, याच्याशी त्यांनी हा आकडा ताडून पाहिला. दोन्ही आकडे बरेच जवळ आले.

आज हा हिशेब अगदी नेमका मांडता येतो. १८० ग्रॅम द्राक्षशर्करा पूर्ण जळण्यास १९२ ग्रॅम प्राणवायू लागतो. त्यातून २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू आणि १०८ ग्रॅम पाणी निर्माण होते व सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. साखर चुलीत जळो की बैलाच्या स्नायूत, की सोयाबीनच्या मोडात, हा जमाखर्च तोच राहतो. फरक आहे तो रीतीचा. चुलीत सर्व ऊर्जा एकदम उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पेशीत असे झाले तर पेशीच जळून जाईल. म्हणून तेथे हे ज्वलन पुष्कळ लहान लहान पायऱ्यांनी होते. प्रत्येक पायरीवर एक ठराविक विकर काम करते, आणि मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचा बराचसा भाग पुढे वापरता येईल अशा रूपात साठविला जातो.

पेशीतील सुटे पैसे

शेतकरी आपले सोयाबीन लातूरच्या बाजारात नेतो, परंतु त्याच सोयाबीनची मूठ देऊन त्याला एस.टी.चे तिकीट काढता येत नाही. मालाचे प्रथम पैसे करावे लागतात. पेशीचेही असेच आहे. साखर, तेल किंवा प्रथिने यांचा वापर तिला कोणत्याही कामासाठी सरळ करता येत नाही. त्यांचे प्रथम ‘अ‍ॅडेनोसीन ट्रायफॉस्फेट’ या द्रव्यात रूपांतर व्हावे लागते असे म्हटले जाते, परंतु अधिक नेमके सांगायचे तर अन्नातील ऊर्जा या द्रव्यात भरली जाते. त्याला थोडक्यात एटीपी म्हणतात. एटीपीच्या प्रत्येक रेणूला स्फुरदयुक्त असे तीन गट जोडलेले असतात. शेवटचा गट सुटला की ऊर्जा मिळते, आणि तो परत जोडला की नाणे पुन्हा चालू होते. पिकाच्या प्रत्येक पेशीस स्फुरद लागते याचे हे एक कारण होय.

या द्रव्याचा शोध १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी लावला. त्याच सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही ते स्वतंत्रपणे शोधून काढले. सुब्बाराव हे आंध्रातील भीमवरमचे. माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा फार थोडा असतो. तेच ते नाणे पुनःपुन्हा फिरत राहते, आणि दिवसभरातील उलाढाल मोजली तर ती सुमारे त्या माणसाच्या वजनाइतकी भरते.

ऊर्जा मिळण्याचे तीन टप्पे

पहिल्या टप्प्यात साखरेच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात. या कामास प्राणवायूची गरज नसते, परंतु मिळकतही अल्प असते. एटीपीचे केवळ दोन रेणू पदरात पडतात.

पुढील दोन टप्पे पेशीतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म घटकांत पार पडतात. दुसऱ्या टप्प्यात साखरेच्या तुकड्यांचे एका चक्राकार क्रियेत पूर्ण विघटन होते. हे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली इंग्लंडमध्ये शोधून काढले. आपल्या श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मुख्यतः येथे निर्माण होतो. तेल व प्रथिने यांपासून निघालेले तुकडेही याच चक्रात येऊन मिळतात.

तिसरा टप्पा सर्वांत किफायतीचा. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतील पडद्यात बसविलेल्या द्रव्यांच्या साखळीतून एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात आणि शेवटी प्राणवायूच्या स्वाधीन होतात. तेथे पाणी तयार होते. या हस्तांतरात मिळणाऱ्या ऊर्जेने हायड्रोजनचे कण पडद्याच्या एका बाजूस ढकलले जातात. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गोदावरीचे पाणी पंपांनी जसे वर उचलतात, तसेच हे काम आहे. मग उंचावर साठलेले पाणी खाली येताना येलदरीच्या वीजघरातील चक्र जसे फिरविते, तसे हे कण परत येताना पडद्यातील एक अतिसूक्ष्म चक्र खरोखरच फिरवितात, आणि त्या फिरण्यातून एटीपी बनते. पडद्याच्या दोन बाजूंतील या चढउताराची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली. प्रथम तिला विरोध झाला. पुढे १९७८ साली त्याच कल्पनेबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तिन्ही टप्पे मिळून साखरेच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे ३० ते ३२ रेणू मिळतात. प्राणवायू नसेल तर दोनच. हा पंधरापट फरक पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावा. तसेच धरणाची भिंत फुटली तर वीजघर बंद पडते, त्याप्रमाणे तंतुकणिकेचा पडदा फाटला तर अन्न व प्राणवायू दोन्ही असूनही एटीपी बनत नाही, हेही लक्षात ठेवावे.

कमला सोहोनी यांचे संशोधन

वरील साखळीत सायटोक्रोम सी नावाचे एक लोहयुक्त द्रव्य इलेक्ट्रॉनांची ने-आण करते. वनस्पतींच्या श्वसनात या द्रव्याचा भाग आहे, हे दाखविण्याचे श्रेय एका महाराष्ट्रीय विदुषीकडे जाते. कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांना बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रारंभी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला होता. १९३३ साली तो मिळाल्यावर त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिज येथे बटाट्यावर संशोधन करीत असता वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम सी असते असे त्यांना आढळून आले. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. भारतात परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले आणि कडधान्ये व नीरा यांच्या पोषणमूल्यावर संशोधन केले.

बटाटा, बैल, माणूस आणि सोयाबीन या सर्वांची ही साखळी बव्हंशी एकच आहे. मराठवाड्यातील पशुपालकांस याचा एक दुःखद पुरावा ठाऊक आहे. कोवळी ज्वारी, पाण्याचा ताण पडून खुरटलेली ज्वारी किंवा कापणीनंतर आलेले फुटवे खाल्ल्याने जनावर धापा टाकू लागते, कोसळते आणि काही वेळा थोड्याच अवधीत दगावते. अशा ज्वारीतून निघणारे हायड्रोसायनिक आम्ल साखळीच्या शेवटच्या कडीला जखडून टाकते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, त्यामुळे रक्त लालभडक दिसते. परंतु पेशींना तो वापरता येत नाही. सबब अशी ज्वारी चारू नये, आणि लक्षणे दिसताच पशुवैद्यकास बोलवावे.

रुजताना बियात काय घडते

सोयाबीनचे बी रुजण्यासाठी आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी शोषून घेते. पाणी आत जाताच काही तासांतच श्वसनाचा वेग झपाट्याने वाढतो. चांगल्या बियाच्या पेशी कोरडेपणामुळे सुरकुतलेले पडदे प्रथम दुरुस्त करतात, तंतुकणिका कामास लागतात आणि दलांतील तेल व प्रथिने मोडून ऊर्जा मिळू लागते. खराब झालेल्या बियाचे पडदे मात्र दुरुस्त होत नाहीत. त्यांतून साखर व क्षार बाहेर झिरपतात आणि तेच खाऊन मातीतील बुरशी बियावर वाढते. शेतकऱ्यास जमिनीत कुजलेले बी दिसते व तो बुरशीला दोष देतो, परंतु पुष्कळदा बुरशी येण्याआधीच बियाची शक्ती गेलेली असते.

सोयाबीन या बाबतीत विशेष नाजूक आहे. त्याची साल पातळ असते आणि अंकुर सालीच्या अगदी लगत असतो. मळणीचा तडाखा थेट अंकुराला बसतो. शिवाय साठवणीत बियातील तेलाचे हळूहळू प्राणवायूशी संयोग होऊन पडद्यांची हानी होते.

पोत्यातील बी

बी कोरडे असेपर्यंत त्याचे श्वसन नाममात्र असते. ओलावा वाढला की ते वाढते, आणि त्याबरोबर बियावरील बुरशीही श्वसन करू लागते. या दोहोंच्या श्वसनात ढिगातील एक किलो अन्नद्रव्य जळाले तर साधारणपणे ६०० ग्रॅम पाणी व सुमारे ३,८०० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेने ५० लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. ढिगातून ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. पाण्याने बी अधिक ओले होते, उष्णतेने श्वसन अधिक वाढते, आणि पोत्यात हात घातला असता बी गरम लागते. असे तापलेले बी पेरणीच्या कामाचे राहत नाही.

बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी एक ढोबळ नियम सांगितला आहे. बियातील ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो एक टक्क्याने कमी केला तर बियाचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरविले तरीही तसेच घडते. लातूर-नांदेडचा उन्हाळा कडक असल्याने तापमान फारसे आपल्या हाती नाही. ओलावा मात्र आहे. तेल पाणी धरून ठेवीत नाही, त्यामुळे तेलबियांतील सर्व ओलावा उरलेल्या भागात एकवटतो. म्हणून ज्वारीस जो ओलावा चालतो तो सोयाबीनच्या बियास चालत नाही. सोयाबीनचे बी ९ ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून मगच साठवावे.

सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्यामुळे सुधारित वाणाचे बी शेतकऱ्यास घरी राखता येते. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी. पावसात भिजलेला भाग बियाण्यासाठी धरू नये. मळणीयंत्राचे फेरे मिनिटास ३५० ते ४०० इतकेच ठेवावेत. बी ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवावे. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत, थप्पी सात-आठ पोत्यांहून उंच करू नये, आणि पोते उंचावरून आदळू नये. खताची पोती त्याच खोलीत ठेवू नयेत.

पेवातील श्वास

याच श्वसनाचा आपल्या पूर्वजांनी मोठ्या चतुराईने उपयोग करून घेतला होता. मराठवाड्यातील अनेक गावांत पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. पेवाचे तोंड नीट बंद केले की आतील धान्य, बुरशी व किडे मिळून प्राणवायू संपवून टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. मग किडे गुदमरून मरतात व खाण्याची ज्वारी टिकते. किड्यांच्याच श्वासाने किड्यांचा बंदोबस्त होतो.

परंतु जो वायू किड्यास मारतो तो माणसासही सोडीत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने तोंड उघडल्यावरही तळाशी साचून राहतो. पेवात उतरलेला मनुष्य थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढण्यासाठी उतरलेला दुसराही तसाच पडतो. सबब जुने पेव किंवा बंद पडलेली विहीर उघडल्यावर भरपूर हवा खेळू द्यावी. कंदील खाली सोडला असता विझला तर आत जाणे प्राणघातक समजावे, परंतु तो जळत राहिला म्हणून जागा निर्धोक आहे असेही मानू नये. खाली माणूस पडला असल्यास त्याच्यामागे उडी घेऊ नये, मदत बोलवावी.

वाफसा आणि मुळांचा श्वास

पेरलेल्या बियास व पिकाच्या मुळांस प्राणवायू मातीतील पोकळ्यांतून मिळतो. आपली काळी जमीन पाण्याने फुगते व तिच्या पोकळ्या बुजतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेने सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. त्यामुळे रानात पाणी साचले की मुळांना पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे बत्तीसाऐवजी दोन नाण्यांवर, गुजराण करावी लागते. साखर भराभर खर्च होते, मद्यार्क साचतो, आणि मुळास अन्नद्रव्ये शोषण्याची शक्ती उरत नाही. शेतात पाणी भरपूर असताना कपाशीची झाडे एकाएकी माना टाकतात आणि चिबड रानात सोयाबीन पिवळे पडते, यामागे बहुधा हेच कारण असते. अशा वेळी प्रथम चर काढून पाणी बाहेर घालवावे. नंतर खताचा विचार करावा.

जाणते शेतकरी वाफशाशिवाय पेरीत नाहीत. ओल आणि हवा दोन्ही जमिनीत योग्य प्रमाणात असण्याची स्थिती म्हणजे वाफसा, आणि रुजणाऱ्या बियास नेमके हेच हवे असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफसा पाहून, तीन ते पाच सेंटिमीटर खोलीवर पेरणी करावी. बी याहून खोल गेले तर वर येईपर्यंत त्याची शक्ती संपते. रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरल्यास जादा पाणी सरीतून निघून जाते व वरंब्यावरील मुळांना हवा मिळते.

उगवणीची चाचणी

बियाची यंत्रणा शाबूत आहे की नाही हे नजरेने ओळखता येत नाही. त्याला काम करावयास लावूनच ते कळते. निरनिराळ्या पोत्यांतून मूठ मूठ बी घेऊन एकत्र करावे व त्यातून न निवडता १०० दाणे मोजावेत. ओल्या गोणपाटावर ते दहा-दहाच्या ओळींत मांडून, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. गोणपाट ओलसर राहील एवढेच पाणी शिंपडावे. भिजवून ठेवल्यास चांगले बीही गुदमरते. पाच ते सात दिवसांनी निकोप मोड आलेले दाणे मोजावेत. असे तीन वेळा करून सरासरी काढावी.

सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर एकरी ३० किलो बी पुरते. त्याखालील प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो बी वाढवावे, म्हणजे साठ टक्के उगवणीस एकरी ३५ किलो लागेल. साठांहून कमी उगवण असलेले बी पेरण्यासाठी वापरू नये. ते बाजारात धान्य म्हणून विकावे, कारण त्यातील तेल व प्रथिने शाबूत असतात.

ही चाचणी मे महिन्याच्या आरंभीच करावी. बी अपुरे ठरल्यास दुसरे मिळविण्यास त्या वेळी महिनाभर हाताशी असतो. मृगाचा पाऊस पडल्यावर केलेल्या चाचणीचा असा उपयोग होत नाही.